ठसेबाईची फुली

आमच्या गल्लीत तिला अजूनही ठसेबाई म्हणतात, आणि म्हणताना तोंडात काही कडू आल्यासारखं म्हणतात. "गरिबाची तोंडं छापून परदेशात नेली, काम झालं की फुली मारली," असं पुंडलिकनगरात नव्या भाडेकरूंनासुद्धा ऐकवलं जातं. ज्यांनी तिला कधी पाहिलं नाही तेही ऐकवतात. त्यातली फुली तेवढी खरी आहे. ती मी मारली.

पण आधी ती कशी होती ते सांगतो. नाहीतर लोकांनी केलं तेच मीही करीन, एका फुलीवरून अख्खं माणूस सांगून मोकळा होईन.

ती एस्टोनिया नावाच्या देशातली. आमच्या गल्लीला परदेश म्हणजे लंडन आणि दुबई एवढेच ठाऊक, त्यामुळे तिला सगळे लंडनची समजत. ती चिडत नसे. म्हणायची, "मपल्या देशातली समदी मान्सं तुझ्या जिल्ह्यात मावतील, आन वर पाव्हण्यांना निजायला जागा उरंल." आठवड्याभरासाठी वेरूळ बघायला आली होती. कैलास लेण्यासमोर दिवसभर उन्हात बसून राहिली. डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे कळल्यावर तिला, तिच्या सांगण्याप्रमाणे, नातेवाईक भेटल्यासारखं झालं. लाकडाच्या फळीवर चित्र कोरून ते कागदावर छापणं हे तिचं आयुष्यभराचं काम. "हे आमच्यातलेच लोक," ती म्हणायची. "यांनी काय बांधलं नाय. नको ते काढलं. उरलं ते देऊळ." आठवड्याच्या मुक्कामाला आलेली बाई मग वर्षानुवर्षं राहिली. मध्येमध्ये राहण्याच्या परवान्यासाठी मायदेशी जायची आणि गोगलगायीसारखी पाठीवर पिशवी घेऊन परत यायची.

माझं आयुष्य खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यात गेलं. घराच्या खालच्या खोलीत माझा छापखाना होता. लग्नपत्रिका, जयंतीची हँडबिलं, दुकानांची बिलबुकं. ऑफसेट आलं, मग पत्रिकाच मोबाईलवर जाऊ लागल्या. ट्रेडल मशीन ताडपत्रीखाली गेलं. त्याच सुमारास बायकोही वारली. अशा दिवसांत गुलमंडीवरच्या कागदवाल्याकडून पत्ता घेऊन ही बाई दारात उभी राहिली. नमस्कार नाही, नाव नाही. म्हणाली, "शाई हाय? रूळ फिरव. आवाज ऐकू दे."

मी रूळ फिरवला. शाई नीट घोटली गेली की रुळाखाली बारीक चुरचुरते, तव्यावर पाण्याचा हात झटकावा तशी. तिने डोळे मिटून ऐकलं. "चांगली हाय," म्हणाली, आणि वरची खोली भाड्याने आहे का ते विचारलं.

मशीनचा तिला काही उपयोग नव्हता. शाई माझी, रूळ माझा, पण छापायची हाताने. फळीला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि आमटीच्या पळीची पाठ त्यावर घासत बसायची. गल्लीतल्या बायका म्हणत, "बाई पळीनं चित्र वाढती." ती पळी तिने कोणाला स्वयंपाकात वापरू दिली नाही. स्वतः मात्र चहा ढवळायला पेन्सिल वापरायची. भर उन्हाळ्यात चपलेत पुरुषी मोजे घालायची. लाकूड विकत घेताना फळीला नाक लावायची, आणि लाकूडवाल्याने "मॅडम, आंबा आहे" म्हटलं तरी स्वतः हुंगल्याशिवाय विश्वास ठेवायची नाही.

छापायचं अक्षर फळीवर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर ते सुलटं उमटतं. ती मराठी अक्षरं कोरता कोरताच शिकली, त्यामुळे तिला आपली लिपी उलटी आधी वाचता येऊ लागली. सुलट्या पाटीसमोर अडखळायची. वर्तमानपत्र आरशासमोर धरून वाचायची. रुग्णवाहिकेच्या कपाळावर जे उलटं लिहिलेलं असतं ते रस्त्यात एका दमात वाचून टाळ्या पिटायची. आणि मी? उलटे खिळे वाचत म्हातारा झालेला माणूस. अख्ख्या शहरात आरशातलं मराठी सहज वाचणारे आम्ही दोघंच असू. एकदा गारखेड्यात सलूनसमोर रिक्षाची वाट बघत होतो. आतल्या आरशात समोरच्या दुकानाची पाटी दिसत होती. आम्ही दोघांनी ती एकाच क्षणी मोठ्याने वाचली. न्हाव्याचा वस्तरा थांबला. ती इतकी हसली की तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. तेवढाच तिचा हात कधी माझ्या खांद्यावर पडला. मला तो अजून आठवतो, हेही लिहून टाकतो.

ती मला काका म्हणायची. माझ्याहून चारच वर्षांनी लहान. गल्लीत सगळे काका म्हणतात म्हणून तिला ते माझं नावच वाटलं. खरं नाव सांगायचं मी पुष्कळदा ठरवलं, पण ती वरून "काका, शाई!" अशी हाक मारायची आणि मी शाई घेऊन जायचो.

तिची भाषा मात्र कौसाबाईने घडवली. कौसाबाई समोरच्या घरात राहते. लासूर स्टेशनजवळच्या खेड्यातून मुलाच्या नोकरीपायी इथं आली. घरात बुद्धाची तसबीर, ओट्यावर निवडायची भाजी आणि तोंडात सतत काहीतरी फटकळ. माझी बायको गेल्यावर महिनोन्‌महिने तिने मला भाकरी पाठवली. मला भाऊ म्हणते, आणि सख्ख्या बहिणीसारखी बोलते, म्हणजे रागावते. दुपारी ओट्यावर त्या दोघी बसत. बाईला तिथंच लई, व्हय, कामून मिळालं. 'तुम्ही' तेवढं मिळालं नाही, कारण कौसाबाई ते वापरतच नाही. परवान्याच्या कचेरीत बाई साहेबांना म्हणाली होती, "तू आधी चहा पी. थंड झाला तुझा." साहेबांनी मुकाट्याने प्यायला.

मी आत बसून त्या दोघींचं हसणं ऐकायचो. कशावर हसतात ते ऐकू यायचं नाही. विचारायला गेलो की कौसाबाई म्हणायची, "बायकाचं हाय, भाऊ. तू जा, तुपली शाई वाळंल."

बाईचा एक नियम होता. एका ठशाच्या प्रती दहाच काढायच्या. दहा झाल्या की पटाशी घेऊन फळीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन आडवे-तिडवे चर पाडायचे. मग त्या जखमी फळीचीही एक प्रत छापून भिंतीला टाचायची, पुरावा म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कळवळलो. त्या फळीवर कडुनिंबाचं फार सुंदर झाड होतं.

"चांगला ठसा कामून नासवतेस?"

"दहा सांगितलं तर दहा. अकरावं म्हणजे खोटं." मग तिने त्या चरांवर बोट ठेवलं. "याला तुझ्यात काय म्हणतात?"

"फुली," मी म्हणालो.

तो शब्द तिला मी शिकवला. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ तिला कौसाबाईने शिकवला, आणि ते मला माहीत नव्हतं.

झाडं, पाण्याच्या टाक्या, लासूरच्या बाजारातल्या म्हशी असं सगळं कोरून झाल्यावर तिने पहिल्यांदा माणसाचा चेहरा घेतला. कौसाबाईचा. कौसाबाई कितीतरी दुपारी भाजी निवडत तिच्यासमोर बसली. दहा प्रती निघाल्या. प्रत्येक प्रतीखाली बाई पेन्सिलीने आकडा घालायची, एक छेद दहा, दोन छेद दहा असा. मोठ्या मानाने तिने पहिली प्रत कौसाबाईला दिली. कौसाबाईच्या सुनेने आकडा वाचला आणि तोंडाला पदर लावला.

"काय लिवलंय?" कौसाबाईने विचारलं.

"दहापैकी एक."

"एक? दहातला एकच मार्क?" कौसाबाई उठून उभी राहिली. "एवढी भंगार हाय व्हय ग मी? ऊन खात बसले तुझ्यापुढं, आन एक मार्क?"

बाईला आधी काही कळेना. कळल्यावर ती ओट्यावर आडवी होऊन हसली. मग वर जाऊन दहावी प्रत घेऊन आली. दहा छेद दहा. ती कौसाबाईच्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौसाबाई सांगायची, "पैकीच्या पैकी."

पण तिचा जीव कागदापेक्षा फळीवरच जास्त. छापलेलं चित्र म्हणजे लोकांना दिसते ती कौसाबाई. फळीवरचं त्याच्या उलट, म्हणजे आरशात तिला स्वतःला दिसते ती. "कागदावर कोन दुसरीच हाय," ती म्हणायची. "ही फळीतली मी." येता-जाता छापखान्यात शिरून फळी बघायची. म्हणूनच की काय, दहा प्रती झाल्या तरी बाईने त्या ठशाला चर पाडले नव्हते. नियम मोडून ती फळी तशीच मांडणीवर उभी होती. मला ते जाणवलं होतं. विचारलं मात्र नाही.

आता बायकांच्या नाकातल्या दागिन्यालाही फुलीच म्हणतात. कौसाबाईची फुली फार वर्षांपूर्वी, ती म्हशी विकायला गेली असताना, बाजाराच्या गर्दीत पडली, ती पुन्हा झाली नाही. तिने बाईकडे हट्ट धरला होता. हे सगळं मला नंतर कळलं, कौसाबाईच्याच तोंडून.

"चित्रात तरी घाल की माझी फुली."

"तुझ्या नाकात नाय. मी कशी घालू? खोटं व्हईल."

"नाकात भोक हाय ना? मंग ते भोक कशाचं हाय?"

जे दिसतं तेच कोरणारी बाई. कितीतरी दिवस त्या भोकाचा विचार करत राहिली असणार. आणि शेवटी कौसाबाईचं तिला पटलं. नेमक्या त्याच सकाळी तिची आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला. रिक्षा दारात, पिशवी पाठीवर, विमानाची घाई. रिक्षात बसता बसता ती मला ओरडून म्हणाली, "काका, कौसाबाईची फुली कोर. विसरू नको. मग एक छाप!"

नाकाच्या जागी पटाशीच्या टोकाने एक बारीक टवका काढायचा होता. छापल्यावर तिथं पांढरा ठिपका चमकला असता. तेवढंच.

मी सर्वात रुंद पटाशी घेतली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन चर पाडले. नियम तिचा, सांगणं तिचं. तिने इतके दिवस टाळलेलं काम आपल्यावर विश्वासाने सोपवलं याचा मला अभिमानही वाटला. शाई लावली, एक प्रत छापली, दोरीला वाळत घातली. काळ्या चेहऱ्यावरून दोन पांढऱ्या रेघा गेल्या होत्या आणि नाकावर एकमेकींना छेदत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसाबाई हात पुसत आली. नवं लुगडं नेसली होती. "बाई सांगून गेली," ती म्हणाली, "तुपली फुली काकाकडं सोपवली म्हनून. कुठंय बघू मपली फुली?" आणि तिने आपल्या नाकाला बोट लावलं.

त्या बोटाकडे बघताना मला सगळं कळलं. तोवर तिने दोरीकडे पाहिलं होतं. मग मांडणीकडे. फळीजवळ गेली, चरावरून अंगठा फिरवला.

"असं कर म्हनून तिनं सांगितलं?"

मी म्हणालो, "तिनंच सांगितलं."

शब्दन्‌शब्द खरा होता. आयुष्यात इतकं खोटं मी दुसरं काही बोललो नाही. 'फुली' ऐकण्यात माझी चूक झाली, एवढं पुढे म्हटलं असतं तर कौसाबाईने मला चार शिव्या दिल्या असत्या आणि बाई परतल्यावर त्या दोघी यावर वर्षभर हसल्या असत्या. मला तिच्या शिव्यांची भीती वाटली असं मी स्वतःला सांगत आलो. पण ओट्यावरच्या त्या हसण्यात मला जागा नव्हती, आणि ते थांबलं तर थांबू दे असं माझ्या मनात कुठंतरी होतं. ते आज लिहितो.

कौसाबाईने घरातली दहावी प्रत उतरवून माझ्या दारात आणून ठेवली. चित्राचं तोंड खाली करून. गल्ली गोळा झाली. कोणी म्हणालं करणी असेल. कौसाबाईने त्यालाच झापलं. "आमी असलं मानीत नाय. धम्म घेतला तवाच सोडलं ते. पर मान्साच्या तोंडावर फुली? जित्या मान्साच्या?" मग लोकांनी स्वतःच अर्थ लावला, काम झालं, फुली मारली. तो अर्थ अजून चालू आहे.

बाई आईचं सगळं उरकून परतली तेव्हा थंडी पडायला लागली होती. कौसाबाईसाठी तिने आईने विणलेले लोकरीचे मोजे आणले होते. कौसाबाईने तिच्यासमोर दार लावलं. तशीच ती माझ्याकडे आली. मी फळी दाखवली.

तिने फळी उजेडाला धरली. मग विचारलं, "कोणती फुली सांगितली होती मी?"

"तू नुसतं फुली म्हणालीस."

तिने आपल्या नाकाला बोट लावलं. "ही." आणि ती हसली. मनापासून हसली. तिला खरंच वाटलं की आता सगळं सोपं आहे. "अरे काका! मग तिला सांगितलं कामून नाय? तीबी हसली असती."

"सांगतो," मी म्हणालो.

"तूच सांग. मी सांगितलं तर म्हणंल, बाई आपली सुटका करून घेती."

"उद्या सांगतो."

ती रोज जिन्यात थांबायची. "सांगितलं?" कधी कौसाबाईचा मुलगा घरी होता, कधी तिला ताप होता, कधी पाहुणे. मीच कारणं पुरवत गेलो. समोरच्या ओट्यावर कौसाबाई भाजी निवडत असायची, आणि बाई दिसली की पाठ फिरवून बसायची. अबोला धरायला ती फार पक्की. गल्लीत दुसरं कोणीही बाईसमोर बसायला तयार होईना. तिने पुन्हा झाडं कोरायला घेतली, पण शाईचा आवाज ऐकायचं सोडून दिलं. मग एका संध्याकाळी ती जिन्यात थांबली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. ती मला ओलांडून वर गेली, आणि त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही.

उन्हाळ्याआधी ती गेली. कौसाबाईच्या बंद दारासमोर क्षणभर उभी राहिली, कडीला हात न लावता वळली. मला म्हणाली, "काका, शाई झाकून ठेव. साय धरंल." एवढंच.

मी वाट बघितली. आधी पत्राची, मग फोनची, मग नुसतीच. वरची खोली पुन्हा भाड्याने दिली नाही. लोकांना सांगितलं, छप्पर गळतं.

मागच्या महिन्यात परदेशातून फोन आला. तिची भाची. बहिणीची की भावाची मुलगी, इंग्रजीतून कळलं नाही. ती वारली. शेवटपर्यंत कोरत होती म्हणाली. मग जरा संकोचून भाचीने विचारलं, शेवटच्या दिवसांत ती एक शब्द म्हणायची, घरात कोणालाच त्याचा अर्थ लागत नाही, तुम्हाला लागतो का? आणि त्या परक्या मुलीने अडखळत तो उच्चारला. "ऱ्हाऊ दे."

तो कौसाबाईचा शब्द. भांडी घासायला मदत करू लागली की ती बाईला म्हणायची. भाचीला मी म्हटलं, याचा अर्थ, असू दे. काही करू नकोस. मग ती मुलगी माझीच समजूत घालू लागली.

मी तसाच रस्ता ओलांडून गेलो. कौसाबाई आता ऐंशीच्या पुढे आहे, पण कान शाबूत आहेत. ओट्यावर मेथी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रिक्षा, ओरडून सांगितलेली फुली, रुंद पटाशी, आणि माझं ते 'तिनंच सांगितलं'. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"म्हंजी तिनं मपली फुली घातली व्हती," ती अखेर म्हणाली.

"व्हय."

"तिला फोन लाव."

"कौसाबाई, ती गेली. आत्ताच कळलं."

तिचा संताप मला चालला असता. मी त्याच्यासाठीच गेलो होतो.

"इतकी वर्सं तिच्याशी अबोला धरला म्या," ती म्हणाली. "दारात आली, तोंड फिरवलं. मायचे मोजे घिऊन आली व्हती. आता त्यो अबोला कुठं सोडू, भाऊ? कुनाजवळ सोडू?"

मी पायरीवर बसलो. तिने मांडीवरची मेथी सुपात टाकली, सूप उचललं आणि भिंतीचा आधार घेत उठली.

"तुझ्याशी धरते," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी रोज दुपारी त्या पायरीवर जाऊन बसतो.